कॅसेटी, सीडी आणि दहा हजारांचा डबा

घरचं संगीत एका कॉम्प्युटरवर आणायचं ठरवलं की बहुतेक जण आधी दुकानात जातात. तुम्ही आधी माळ्यावर चढा. काय काय आहे ते खाली काढा आणि मोजा. आमच्याकडे २४० कॅसेटी निघाल्या, ९० सीडी, आणि एमपीथ्री भरलेले सहा-सात पेनड्राइव्ह, ज्यांतला एक उघडतच नव्हता. हा आकडा हातात आला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

हिशोब असा. ऑडिओ सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं म्हणजे नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. याचे मिनिटाला साधारण १० एमबी होतात, तासाला सहाशेच्या थोडे वर. हेच ‘फ्लॅक’ या प्रकारात साठवलं तर जागा निम्म्याच्या आसपास लागते आणि आवाजातलं काहीही जात नाही. झिप फाइल उघडल्यावर आतला कागद जसाच्या तसा मिळतो, तसंच. म्हणजे तासाभराच्या गाण्याला ३५० एमबी धरा. ६० मिनिटांच्या २४० कॅसेटी म्हणजे ८४ जीबी. सीडींचे ३१ जीबी. पेनड्राइव्हवरचं सगळं मिळून २० जीबीसुद्धा भरत नव्हतं. वडिलांनी चाळीस वर्षं जमवलेलं सगळं गाणं ५०० जीबीच्या साध्या डिस्कवर बसतं आणि वर भरपूर जागा उरते.

मग एमपीथ्री का नको? ३२० किलोबिटची एमपीथ्री तासाला १४४ एमबीत बसते आणि बसमध्ये हेडफोन लावून ऐकताना फरक कळणारही नाही. पण एमपीथ्री करताना जे गाळलं जातं ते परत येत नाही. कॅसेट एकदाच वाजवायची आहे, दहा वर्षांनी ती वाजेल याची खात्री नाही. जागा स्वस्त आहे, फीत नाही. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा, मोबाइलसाठी लागेल तेव्हा तिच्यापासून एमपीथ्री करता येते. उलटं मात्र करू नका. एमपीथ्रीचं फ्लॅक केलं तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो. पेनड्राइव्हवरच्या एमपीथ्री जशा आहेत तशाच उतरवून घ्या.

कुठला डबा घ्यावा

संगीत साठवणं आणि वाजवणं हे कॉम्प्युटरच्या दृष्टीने हलकं काम. यासाठी नवा कॉम्प्युटर घेऊ नका.

घरात पडून असलेला जुना लॅपटॉप असेल तर तो उत्तम. स्क्रीन, कीबोर्ड, वायफाय सगळं त्यातच. बॅटरी थोडीफार जिवंत असेल तर वीज गेल्यावर तीच यूपीएसचं काम करते. दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल तर डीव्हीडी ड्राइव्हही असतो, जो नव्या लॅपटॉपमधून गायब झालाय आणि सीडी उतरवायला नेमका लागतो. एकच खबरदारी: लॅपटॉप टेबलावर ठेवून हलतो का, टचपॅड वर उचलल्यासारखं दिसतं का, ते बघा. तसं असेल तर आतली बॅटरी फुगली आहे. ती काढून टाकल्याशिवाय तो लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवू नका. ती बॅटरी स्वतः टोचून, दाबून काढायच्या भानगडीत पडू नका, दुकानातून काढून घ्या.

लॅपटॉप नसेल तर कंपन्यांमधून बाहेर पडलेले छोटे डेस्कटॉप मिळतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. आकार जाडजूड शब्दकोशाएवढा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि प्रत्येक मोठ्या शहरातल्या रिफर्बिश्ड (वापरलेल्या, तपासून पुन्हा विकायला ठेवलेल्या) मालाच्या दुकानांत हे ढिगाने असतात. सध्या त्यातले इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे डबे विशेष स्वस्त पडतात, कारण विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. कंपन्यांनी ते बाहेर काढले. आपल्याला विंडोज लागणारच नाही, त्यामुळे त्यांची अडचण ती आपली सोय. डब्याला दहा हजारांच्या वर जाऊ नका. ८ जीबी रॅम पुरे, ४ जीबीवरही निभतं.

दुकानात उभं असताना तीन गोष्टी बघा. एक, डबा चालू करून दहा मिनिटं राहू द्या आणि पंख्याचा आवाज ऐका. हा खोका दिवाणखान्यात बसणार आहे, मारव्याच्या आलापात त्याची घरघर नको. दुसरी, पॉवर अडॅप्टर मूळ कंपनीचा आहे का. तिसरी, आतल्या डिस्कची तब्येत. विंडोज चालू असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा फुकटचा छोटा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवता येतो. त्यात ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ शून्याच्या वर दिसले तर डबा घ्या, डिस्क घेऊ नका. दुकानदार म्हणेल, “साहेब, चालतंय ना मस्त!” चालतंय हे खरंच, किती दिवस ते तो सांगत नाही.

रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर, घेऊ का, असं हमखास कुणीतरी विचारतं. छान वस्तू आहे. पण बोर्ड, त्याचा पॉवर सप्लाय, केस, मेमरी कार्ड, बाहेरून जोडायची डिस्क असं सगळं धरलं की भाव त्या रिफर्बिश्ड डब्याच्या आसपास पोचतो, आणि वीज वारंवार गेली की मेमरी कार्ड रुसतं. हौस असेल तर जरूर घ्या, काटकसर म्हणून घेऊ नका.

विजेची काळजी अनेकांना वाटते. असा छोटा डबा नुसता बसलेला असताना साधारण १० वॅट खातो. वर्षभर चोवीस तास चालू ठेवला तर ८८ युनिट. युनिटला आठ-दहा रुपये धरले तरी वर्षाला सातशे ते नऊशे रुपये. जुना, मोठ्या कॅबिनेटचा डेस्कटॉप मात्र याच्या चार-पाच पट वीज खाऊ शकतो. फुकट मिळाला म्हणून तो चोवीस तास चालवू नका.

वाचलेले पैसे डिस्कांवर घाला. डब्यात प्रोग्रॅमसाठी लहानशी एसएसडी (आत काही न फिरणारी, जलद डिस्क), संगीतासाठी १ टीबीची डिस्क, आणि तेवढीच बाहेरून जोडायची आणखी एक. ही दुसरी कशाला ते पुढे येईल, पण तिचे पैसे आत्ताच बाजूला काढा. नंतर घेऊ म्हणणाऱ्यांनी ती कधीच घेतलेली मी पाहिली नाही, मीही त्यातलाच.

लिनक्स टाकणं

घाबरण्यासारखं काही नाही. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. तिचे प्रकार बरेच, त्यातलं ‘लिनक्स मिंट’ घ्या. दिसायला जुन्या विंडोजसारखं आहे, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर नीट पळतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याची आयएसओ फाइल (सगळं मिंट एकाच फाइलीत) उतरवून ‘बॅलेनाएचर’ किंवा ‘रूफस’ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्ह डब्याला लावून चालू करताना डेल किंवा लेनोवोला एफ-१२, एचपीला एफ-९ दाबत राहा. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, म्हणजे आवाज, वायफाय चालतंय का ते टाकण्याआधीच बघता येतं. मग डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’वर क्लिक करा आणि विचारेल ते सांगत जा. डिस्क पुसण्याचा पर्याय निवडण्याआधी त्या डिस्कवर कुणाच्या लग्नाचे फोटो नाहीत ना, हे घरात विचारा. खरंच विचारा.

त्यानंतर चार किरकोळ कामं, पण ती राहिली तर महिनाभर वैताग होतो.

पॉवर सेटिंगमध्ये झोपी जाण्याची वेळ ‘कधीच नाही’ करा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर ‘काही करू नको’ असं निवडा. डेस्कटॉप असेल तर चालू होताना बायोसमध्ये (मशीनच्या स्वतःच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘एसी रिकव्हरी’ किंवा ‘आफ्टर पॉवर लॉस’ अशा नावाचा पर्याय शोधा आणि ‘पॉवर ऑन’ करा. वीज जाऊन आली की डबा आपोआप उठतो. हे केलं नाही तर गावी गेल्यावर घरून फोन येतो, “ते तुझं गाणं बंद पडलंय.”

राउटरच्या सेटिंगमध्ये या डब्याला कायमचा एक पत्ता बांधून द्या. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असं काहीतरी नाव असतं. नाहीतर राउटर दर वेळी नवा पत्ता देतो आणि मोबाइल जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसतो.

संगीताची डिस्क मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममधून ‘ईएक्सटी-४’ प्रकारात फॉर्मॅट करा आणि तिथेच ‘माउंट ऑप्शन्स’मध्ये जाऊन ती चालू होतानाच जोडली जाईल असं करा, ठरावीक जागी. हे न करता नुसतं क्लिक करून डिस्क उघडली तर ती फक्त तुमच्यापुरती उघडते. पुढे संगीत वाटणारा प्रोग्रॅम वेगळ्या नावाने चालतो, त्याला ती दिसत नाही आणि ‘लायब्ररी रिकामी आहे’ असा निरोप येतो. या एका गोष्टीपायी माझा पूर्ण रविवार गेला होता. नवी डिस्क तुम्हालाच ‘परवानगी नाही’ म्हणाली तर फाइल मॅनेजर ‘रूट’ म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, उघडून तिची मालकी स्वतःच्या नावे करा आणि बाकीच्यांना वाचायची परवानगी द्या.

सीडी उतरवणं

सोपं आणि जलद काम, म्हणून आधी हे करा. हात बसतो, हुरूप येतो. मिंटवर ‘असुंडर’ हा प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. सीडी घाला, फ्लॅक निवडा, बटण दाबा. ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ वापरावं. ते लावायला थोडं किचकट आहे, पण जगभरातल्या लोकांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी तुमची प्रत ताडून बघतं. ओरखडे असलेल्या सीडींसाठी मी तेच वापरतो.

सीडी मळली असेल तर साध्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. दुकानातून घेतलेल्या सीडी थांबतील. घरी ‘बर्न’ केलेल्या सीडींना मात्र पहिला नंबर द्या, त्यांचा थर लवकर मरतो. पुतणीच्या अरंगेत्रमची किंवा मंडळाच्या कार्यक्रमाची सीडी असते ती नेमकी हीच, आणि तिची दुसरी प्रत बाजारात नसते.

आपल्या संगीतापुरती एक सूचना. ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असतात, पण गाणं सलग असतं. तबल्याचं आवर्तन पहिल्या ट्रॅकमध्ये सुरू होतं आणि सम दुसऱ्यात येते. एमपीथ्री केलं की दोन फाइलींच्या सांध्यात किंचितशी पोकळी येऊ शकते आणि नेमकी समेवर ठेच लागते. फ्लॅकमध्ये ती येत नाही, फक्त वाजवणाऱ्या ॲपमध्ये ‘गॅपलेस’ चालू आहे ना ते बघा.

कॅसेटी: इथे वेळ जातो

कॅसेट वाजायला जितका वेळ लागतो तितकाच उतरायला लागतो, यात शॉर्टकट नाही. २४० कॅसेटी म्हणजे २४० तास. रोज एक म्हटली तर आठ महिने. म्हणून क्रम ठरवा. ज्या गायकाची ध्वनिमुद्रणं आज कुठल्याही ॲपवर सहज ऐकायला मिळतात, त्या बाजारातल्या कॅसेटी शेवटी ठेवा, किंवा उतरवूच नका. आधी घ्या घरात रेकॉर्ड केलेल्या: आजीच्या ओव्या, गणपतीतली आरती, कुणाच्या तरी ओसरीवरची बैठक, शिकवणीच्या तासाला गुरुजींच्या परवानगीने लावून ठेवलेला टेप. ‘सोनी’ किंवा ‘टीडीके’च्या कोऱ्या कॅसेटवर बॉलपेनने लिहिलेलं दिसलं की ती वरच्या ढिगात.

चांगला डेक, म्हणजे ॲम्प्लिफायरला जोडायचा कॅसेट प्लेयर, शोधा. घरातला टू-इन-वन चालेलही, पण त्याचा पट्टा सैल झालेला असतो आणि स्वर हेलकावे खातो. नात्यात कुणाकडे जुना डेक पडलेला असतोच, पट्टा बदलून देणारे कारागीर अजून आहेत. यूएसबीची वायर लावलेले जे स्वस्त ‘कॅसेट कन्व्हर्टर’ ऑनलाइन मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. वॉकमनच्या आकाराचं ते प्लास्टिकचं यंत्र तानपुऱ्यालासुद्धा बेसूर करतं.

डेकच्या मागच्या ‘लाइन आउट’मधून आवाज घ्यायचा. आजकालच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं, तिथे स्टीरिओ लाइन जोडली तर आवाज फाटतो आणि एकच बाजू येते. त्यासाठी लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे डेकचा आवाज यूएसबीतून कॉम्प्युटरमध्ये नेणारी छोटी डबी. बेहरिंगरचे यूसीए २०२ आणि २२२ हे या कामाला पुरेसे आहेत. लाल-पांढऱ्या पिनांची वायर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. डेकला लाइन आउट नसेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या, आवाज मध्यावर ठेवून.

प्रत्येक बैठकीआधी डेकचं हेड (फीत ज्याला घासून जाते तो धातूचा भाग) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी मळ येतो, तो येईनासा होईपर्यंत पुसा. अनेक वर्षं न वाजलेली कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत चार पावसाळे काढलेल्या कॅसेटींना ती असतेच. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. त्या वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सगळ्यात शेवटी, तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर साफ करा. फितीमागचा स्पंजचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. स्क्रूवाल्या कॅसेटीत दुसऱ्या, टाकाऊ कॅसेटीतला तुकडा काढून बसवता येतो.

रेकॉर्ड करायला ‘ऑडॅसिटी’. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ. कॅसेटला याहून जास्त लागत नाही. सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा शोधा, गायकाची वरच्या षड्जावरची तान किंवा तबल्याची तिहाई, आणि तिथे पडद्यावरची आवाज मोजणारी पट्टी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असा आवाज लावा. लाल दिसलं की आवाज कापला गेला, तो नंतर दुरुस्त होत नाही. मग एक बाजू सलग रेकॉर्ड करा. ट्रॅक पाडायला प्रत्येक ठिकाणी कंट्रोल-बी दाबून लेबल लावा आणि शेवटी सगळे तुकडे एकदम एक्सपोर्ट करा. शांतता शोधून आपोआप तुकडे पाडायची सोय आहे, पण आपल्याकडे आलापातल्या विश्रांतीला ती गाण्याचा शेवट समजते. हाताने करा.

आता माझ्या हट्टाची गोष्ट. ऑडॅसिटीत ‘नॉइज रिडक्शन’ आहे. कॅसेटची खरखर ऐकली की हात तिकडे जातोच. तिथे एका तुकड्यातला आवाज ‘नको असलेला’ म्हणून दाखवायचा असतो. त्या तुकड्यात तानपुरा वाजत असेल तर यंत्राच्या दृष्टीने तानपुरा हीच खरखर, कारण तो सतत असतो आणि बदलत नाही. मग ते इमानदारीने तानपुरा पुसून टाकतं आणि गायक विहिरीतून गातोय असं वाटायला लागतं. गाणं सुरू होण्याआधीची नुसत्या फितीची दोन सेकंदं निवडलीत तरी हलक्या हाताने, आणि मूळ रेकॉर्डिंगची प्रत न छेडता ठेवूनच. मी आता करतच नाही. दोन मिनिटांत कान खरखरीपलीकडे जातो.

आवाज दबका असेल तर मात्र एक खरा उपाय आहे. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा आणि तुमच्या डेकचा कोन वेगळा असला की वरचे स्वर मरतात. बारीक पेचकसाने कणाकणाने फिरवा आणि तानपुऱ्याच्या जवारीकडे, म्हणजे तारांच्या झंकाराकडे, कान ठेवा. जवारी मोकळी झाली की थांबा. स्क्रू मूळ कुठे होता त्याची खूण आधीच करून ठेवा.

नावं

यावर बहुतेक मार्गदर्शक दोन ओळी लिहितात. मी जरा थांबतो, कारण माझं सगळ्यात जास्त वाया गेलेलं काम इथलं आहे.

संगीताचे सगळे प्रोग्रॅम कलाकार, अल्बम, गाणं या तीन खणांवर चालतात. फाइलच्या आत लिहिलेल्या या माहितीला टॅग म्हणतात, आणि प्रोग्रॅम फोल्डरचं नाव कमी, टॅग जास्त बघतात. तुमच्याकडे एका फाइलवर ‘भीमसेन जोशी’, दुसरीवर ‘पं. भीमसेन जोशी’ आणि तिसरीवर रोमनमध्ये ‘पंडित’ लावून असेल, तर यादीत तीन गायक दिसतील. म्हणून एक वही घ्या. खरी, कागदाची. प्रत्येक कलाकाराचं नाव कसं लिहायचं ते एकदाच ठरवून त्यात टिपा. मी पंडित, उस्ताद, विदुषी सगळं गाळलं. आदर मनात आहे, पण यादीत शंभर जण ‘प’खाली नकोत.

मराठीतून टॅग लिहिणाऱ्यांना आणखी एक चकवा भेटतो. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत नुक्ता असलेला ऱ वापरला जातो, दुसरीत साधा र आणि त्यामागे न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. मोबाइलवरून शोधलं तर लॅपटॉपवर लिहिलेलं सापडत नाही, आणि चूक कुठे तेही दिसत नाही. ‘ॲ’चंही तसंच. उपाय एवढाच की सगळे टॅग एकाच कीबोर्डने लिहा, आणि सापडत नसेल तेव्हा शब्दाचा दुसरा भाग टाकून बघा.

फोल्डरची नावं रोमनमध्ये आणि टॅग देवनागरीत, ही माझी वाटणी. गाडीतले जुने प्लेयर देवनागरी फाइलींच्या जागी चौकोन दाखवतात. नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ घालू नका, विंडोजला ती चालत नाहीत. ट्रॅकचे आकडे ०१, ०२ असे दोन अंकी लिहा, नाहीतर १ नंतर १० येतो.

रागासाठी वेगळा खण नाही. मी गाण्याच्या नावातच आधी राग लिहितो: ‘यमन – विलंबित एकताल’, मग बंदिशीचे पहिले शब्द. शोधायला तेवढं पुरतं. फ्लॅकमध्ये हवा तो नवा खण स्वतः बनवता येतो, खणाचं नाव मात्र रोमन अक्षरांत द्यावं लागतं. पण सगळे प्रोग्रॅम तो दाखवतीलच असं नाही. नाट्यगीतांसाठी ‘अल्बम’च्या जागी नाटकाचं नाव, अभंगांसाठी ‘संगीतकार’च्या शेजारी संताचं. एका कॅसेटवर आठ गायक असतील तर ‘अल्बम आर्टिस्ट’ या खणात ‘विविध कलाकार’ लिहा, नाहीतर त्या एका कॅसेटचे आठ अल्बम होतात.

हे सगळं लिहायला ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ चांगलं. इंग्रजी अल्बमांची माहिती ते आपोआप आणतं. आपल्या कॅसेटींची बहुतेक वेळा आणत नाही, किंवा भलतीच आणते. जे आपोआप आलं ते वाचल्याशिवाय सेव्ह करू नका.

आणि प्रत्येक कॅसेटच्या कागदी इनलेचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, हे फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

घरभर वाजवणं

पहिली आणि सोपी सोय: संगीताच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘शेअर’ करा. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते दिसेल, टीव्हीवर व्हीएलसी असेल तर तिथेही.

पण मोबाइलवर नीट यादी, कव्हर, शोध असं हवं असेल तर ‘नॅव्हिड्रोम’ हा संगीत वाटणारा प्रोग्रॅम टाका. फुकट आहे आणि अगदी जुन्या डब्यावरही चालतं. त्यांच्या पानावरून ‘डेब’ प्रकारची फाइल उतरवा, दोनदा क्लिक करून बसवा, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये संगीताचं फोल्डर कुठे आहे ते लिहा आणि डबा पुन्हा चालू करा. मग घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता, कोलन आणि ४५३३ असं इंग्रजी आकड्यांत टाका. पहिल्यांदा तो नाव आणि पासवर्ड बनवायला सांगतो. विंडोजवरच राहणाऱ्यांसाठीही नॅव्हिड्रोम मिळतं. मोबाइलला ‘सबसॉनिक’ पद्धतीचं कुठलंही ॲप चालतं: अँड्रॉइडवर ‘सबस्ट्रीमर’, आयफोनवर ‘अँपरफाय’.

घरात जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर असतील तर डब्याच्या हेडफोनच्या भोकातून थेट त्याला वायर जोडा. घरच्या ज्येष्ठांना मोबाइल नको असतो, त्यांच्यासाठी डब्यालाच माउस ठेवा आणि ब्राउझर उघडा राहू द्या.

घराबाहेरून ऐकायचं असेल, किंवा परदेशात असलेल्या बहिणीला आजीच्या ओव्या ऐकवायच्या असतील, तर राउटरमध्ये ‘पोर्ट’ उघडायचे सल्ले मिळतील. ते मानू नका. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांवर ते चालतही नाही, आणि चाललं तर सगळ्या जगाला दार उघडं. ‘टेलस्केल’ हा तुमच्याच यंत्रांमध्ये खाजगी वाट जोडणारा प्रोग्रॅम डब्यावर आणि मोबाइलवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने शिरा, झालं. बाजारातून घेतलेल्या सीडींची प्रत मात्र घरच्यापुरतीच ठेवा.

दुसरी डिस्क

एका डिस्कवर असलेलं संगीत म्हणजे अजून न गेलेलं संगीत. बाहेरची १ टीबी डिस्क यासाठी. ‘फ्रीफाइलसिंक’ने डब्यातलं सगळं तिच्यावर उतरवा, आठवड्यातून एकदा किंवा दर दहा कॅसेटींनंतर. त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ असे पर्याय आहेत. ‘मिरर’ केलं तर डब्यातून चुकून पुसलेलं फोल्डर दुसऱ्या डिस्कवरूनही पुसलं जातं. नवखे असेपर्यंत ‘अपडेट’च वापरा. आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. कायम जोडून ठेवलेली डिस्क विजेच्या एकाच फटक्यात पहिलीबरोबर जाते.

तिसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. आमची ठाण्याला मावसभावाकडे असते. दिवाळीला मी नवी घेऊन जातो, जुनी घेऊन येतो. त्याच्या दोन कॅसेटीही त्यात आहेत, त्यामुळे तो डिस्क जपतो.

सहा महिन्यांतून एकदा कपाटातल्या डिस्कवरचं काहीतरी उघडून वाजवून बघा. फ्लॅक फाइलीत स्वतःची तपासणी करायचा आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे फाइल आतून बिघडली आहे का ते प्रोग्रॅमला कळू शकतं. तरी कानाने बघाच.

उतरवून झालेल्या कॅसेटी टाकायच्या का, हा प्रश्न घरात येणारच, कारण माळा हवा असतो. बाजारातल्या देऊन टाकल्या तरी चालेल. घरी भरलेल्या निदान तिसरी प्रत होईपर्यंत ठेवा.

शेवटी दहा-बारा कॅसेटी अशा उरतात ज्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. त्यांना ‘अनोळखी’ नावाचं एक फोल्डर करा, फाइलीला नुसता आकडा द्या आणि त्यातले मिनिट-मिनिटभराचे तुकडे नात्यातल्या गाणं ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना व्हॉट्सॲपवर पाठवा. आमच्या १७ नंबरचा गायक अजून कळलेला नाही. पण मागे पेटी कोण वाजवतंय ते काकांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, आणि मध्येच चहाला हाक मारणारा बाईचा आवाज कुणाचा, तेही.